एनबीएचे सर्वोत्तम दहा बिग मॅन: माझी क्रमवारी आणि तिच्यामागचा हिशोब

प्रश्न असा आहे: एनबीएच्या (अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगच्या) इतिहासातल्या सर्वोत्तम दहा ‘बिग मॅन’ची, म्हणजे रिंगजवळ खेळणाऱ्या उंच खेळाडूंची, क्रमवारी कशी लावाल, आणि रसेलचे ११ किताब मोठे मानायचे की चेंबरलेनचे एका सामन्यातले १०० गुण?

यादी आधी देतो, कारणं मागाहून. पहिला करीम अब्दुल-जब्बार, दुसरा बिल रसेल, तिसरा हकीम ओलाजुवॉन, चौथा टिम डंकन, पाचवा विल्ट चेंबरलेन, सहावा शकील ओ'नील, सातवा निकोला योकिच, आठवा मोझेस मलोन, नववा डेव्हिड रॉबिन्सन, दहावा जॉर्ज मायकन. यातले पहिले दोन क्रमांक माझ्यापुरते पक्के आहेत. तिसऱ्यापासून सहाव्यापर्यंतचे चौघे मी आयुष्यात अनेकदा वरखाली केले आहेत.

मी गेली पंचवीसेक वर्षं उंच मुलामुलींना पोस्टवर, म्हणजे रिंगजवळ तिच्याकडे पाठ करून, खेळायला शिकवतोय. त्यामुळे माझी कसोटी एका प्रशिक्षकाची आहे. सामना अटीतटीचा आहे, शेवटची पाच मिनिटं उरली आहेत आणि हा खेळाडू मैदानावर आहे. आपल्या हल्ल्यात चेंडू त्याच्याकडे जाणार हे समोरच्यांना ठाऊक असूनही तो गुण काढतो का, किंवा दुसऱ्याला काढून देतो का? आणि समोरच्यांच्या हल्ल्यात त्यांचे गार्ड (बाहेरून चेंडू घेऊन येणारे खेळाडू) रिंगपर्यंत यायची हिंमत करतात का? या दोन प्रश्नांच्या उत्तरावर माझा क्रम ठरतो. बिग मॅन कोणाला म्हणायचं हेही त्यातूनच सुटतं. ज्याच्या संघात रिंगच्या राखणीची जबाबदारी त्याच्यावर असते तो बिग मॅन, मग कागदावर त्याला सेंटर म्हणा की पॉवर फॉरवर्ड. म्हणून डंकन यादीत आहे. डर्क नोवित्स्की आणि चार्ल्स बार्कली हे महान खेळाडू आहेत, पण रिंग त्यांच्या संघातला दुसराच कोणीतरी राखायचा. केव्हिन गार्नेट या व्याख्येत बसतो आणि माझ्याकडे तो अकरावा आहे. त्याला बाहेर ठेवताना मला खरोखर जड जातं.

आकड्यांबद्दल आधीच सांगायला हवं. ब्लॉक (शॉट हवेतच अडवणं) आणि स्टील (चेंडू हिसकावणं) यांची अधिकृत नोंद १९७३-७४ च्या हंगामापासून सुरू झाली. रसेलची संपूर्ण कारकीर्द आणि चेंबरलेनचीही सगळी त्याआधीची. म्हणजे रसेल ज्या कामात जगात सर्वोत्तम होता, त्याचा एकही अधिकृत आकडा नाही. दुसरीकडे त्या काळात खेळ भलताच वेगवान होता. १९६१-६२ च्या हंगामात संघ एका सामन्यात शंभराहून जास्त शॉट मारत आणि त्यातले निम्म्याहून जास्त चुकत. चुकलेले शॉट जास्त म्हणजे रिबाउंडही (चुकलेल्या शॉटचा चेंडू पकडणं) जास्त. त्या काळचे २५ रिबाउंड आणि आजचे १३ हे थेट समोरासमोर ठेवून तुलना केली तर फसगत होते.

आता करीम. त्याचे आकडे सगळ्यांना तोंडपाठ असतात: सहा एमव्हीपी (सर्वोत्तम खेळाडूचा मान), सहा किताब, ३८,३८७ गुण. हा गुणांचा विक्रम १९८४ पासून फेब्रुवारी २०२३ पर्यंत टिकला. पण मी त्याला पहिला क्रमांक देतो तो एका शॉटसाठी. बास्केटबॉलमधल्या प्रत्येक शॉटवर काही ना काही तोड असते. त्याच्या ‘स्काय हूक’वर मात्र वीस वर्षांत कोणाला तोड सापडली नाही.

हा शॉट नीट पाहा. करीम डाव्या ब्लॉकवर (रिंगच्या बाजूला जमिनीवर असलेल्या खुणेवर) रिंगकडे पाठ करून उभा आहे. चेंडू हातात येतो. उजवीकडे एक हलकीशी खांद्याची हूल, आणि मग डावा पाय पेंटच्या (रिंगसमोरच्या रंगवलेल्या पट्ट्याच्या) मध्यभागाकडे लांब पडतो. त्या पायावर अंग वळतं आणि डावा खांदा रिंगकडे होतो. आता बचाव करणारा आणि चेंडू यांच्यामध्ये करीमचं सगळं अंग आहे, शिवाय डावा हात वर आडवा धरलेला आहे. उजवा गुडघा वर येतो, उजवा हात कमरेपासून सरळ वर जातो, कोपर पूर्ण ताठ, आणि अगदी टोकाला पोचल्यावर फक्त मनगट आणि बोटं चेंडू सोडतात. ७ फूट २ इंच उंचीचा माणूस हवेत आहे आणि चेंडू बचाव करणाऱ्यापासून दूरच्या हातातून सुटतोय. त्याला ब्लॉक करायला समोरच्याला आधी त्याच्या अंगातून आरपार जावं लागेल.

मी हा शॉट अनेकांना शिकवायचा प्रयत्न केला आहे. पोरं हाताकडे लक्ष देतात आणि सगळं बिघडतं ते पायात. डावा पाय आखूड पडला की अंग अर्धवटच वळतं, चेंडू डोक्याच्या मागे जातो आणि नजर रिंगवरून हटते. आठवडाभरात बहुतेक जण कंटाळून पुन्हा साध्या जंप हूककडे वळतात. दोन्ही हातांत चेंडू धरून उंच उडणं सोपं वाटतं, फळ लगेच मिळतं. स्काय हूकला काही महिने रोज काहीशे शॉट लागतात आणि तोवर फळ मिळत नाही. आज तो जवळजवळ नाहीसा का झाला, याचं माझ्या लेखी हे सर्वांत मोठं कारण आहे.

अटीतटीच्या क्षणी हा शॉट काय करायचा ते १९७४ च्या अंतिम मालिकेत दिसतं. सहावा सामना, बॉस्टनचं घरचं मैदान, दुसरा ओव्हरटाइम, करीमचा तेव्हाचा संघ मिलवॉकी एका गुणाने मागे आणि अवघे काही सेकंद उरलेले. करीमने उजव्या बाजूने बेसलाइनजवळून (रिंगमागच्या रेषेजवळून), रिंगपासून चांगल्याच लांबून, हूक टाकला आणि मिलवॉकी १०२-१०१ ने जिंकली. सातवा सामना त्यांनी गमावला, हेही सांगायला हवं. १९८५ चं उदाहरण तर मला त्याहून जवळचं आहे. अंतिम मालिकेच्या पहिल्या सामन्यात बॉस्टनने करीमच्या लेकर्सना १४८-११४ असं धुऊन काढलं. करीम तेव्हा ३८ वर्षांचा होता आणि आता तो थकला अशी चर्चा सुरू झाली. दुसऱ्या सामन्यात त्याने ३० गुण, १७ रिबाउंड, ८ असिस्ट (सहकाऱ्याला गुण मिळवून देणारे पास) आणि ३ ब्लॉक केले. लेकर्स ती मालिका जिंकले आणि मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू करीम ठरला. हाच मान त्याला याआधी १९७१ मध्ये मिळाला होता. मध्ये १४ वर्षं गेली होती.

त्याच्याविरुद्धचा मुद्दाही खरा आहे. १९७२ ते १९७९ या काळात त्याला एकही किताब मिळाला नाही आणि शेवटच्या वर्षांत त्याचं रिबाउंडिंग फार घसरलं. लेकर्समध्ये मॅजिक जॉन्सन आल्यावरच बाकीचे पाच किताब आले. मला हे मान्य आहे. तरीही शेवटच्या पाच मिनिटांत हमखास मिळणारा शॉट वीस हंगाम पुरवणारा दुसरा कोणी बिग मॅन मला माहीत नाही.

रसेल आणि चेंबरलेन यांचा विचार एकत्रच करावा लागतो, कारण प्रश्नही तसाच आहे. रसेलच्या १३ हंगामांत बॉस्टनने ११ किताब जिंकले. तो येण्यापूर्वी त्यांच्याकडे एकही नव्हता. शेवटचे दोन, १९६८ आणि १९६९ चे, त्याने खेळाडू आणि प्रशिक्षक अशा दुहेरी भूमिकेत जिंकले. निर्णायक सातव्या सामन्यांत तो १० पैकी १० वेळा जिंकला. १९६२ च्या अंतिम मालिकेतल्या सातव्या सामन्यात त्याचे ३० गुण आणि ४० रिबाउंड होते. प्लेऑफमध्ये (हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांत) तो आणि चेंबरलेन आठ मालिकांत समोरासमोर आले. त्यातल्या सात रसेलच्या संघाने जिंकल्या.

‘त्याला चांगले सहकारी मिळाले’ असं म्हटलं जातं. मिळाले होतेच. पण त्याचं काम काय होतं ते समजून घेतलं पाहिजे. बहुतेक उंच खेळाडू ब्लॉक करताना चेंडू जोरात हाणून प्रेक्षकांत घालवतात. टाळ्या मिळतात, पण चेंडू पुन्हा समोरच्यांनाच मिळतो. रसेल चेंडू हलकेच वर किंवा पुढे टोलवायचा, मैदानातच, जिथे आपला माणूस पळत येतोय तिथे. एका स्पर्शात समोरच्यांचा शॉट संपायचा आणि आपला फास्ट ब्रेक (झटपट प्रतिहल्ला) सुरू व्हायचा. मी पोरांना सांगतो, ब्लॉक केल्यानंतर चेंडू कोणाच्या हातात गेला ते मला सांगा. हे शिकायला उडीपेक्षा संयम जास्त लागतो. रसेल प्रत्येक शॉटवर उडायचाही नाही. काही शॉट मुद्दाम सोडून द्यायचा, म्हणजे पुढच्या वेळी तो येणार की नाही या विचारात शॉट मारणाऱ्याचा हात अडखळायचा. याची नोंद कुठल्याही तक्त्यात सापडत नाही. त्याचा स्वतःचा शॉट साधाच होता, सरासरी १५.१ गुणांची. म्हणून तो दुसरा आहे.

चेंबरलेनचे आकडे आजही अविश्वसनीय वाटतात. १९६१-६२ च्या हंगामात सामन्यामागे ५०.४ गुण, २५.७ रिबाउंड, आणि ४८ मिनिटांच्या सामन्यात सरासरी ४८.५ मिनिटं, कारण ओव्हरटाइमसुद्धा तो पूर्ण खेळायचा. २ मार्च १९६२ ला हर्शीमध्ये न्यूयॉर्कविरुद्ध १०० गुण. त्या रात्रीचा मला सर्वांत मोलाचा वाटणारा आकडा वेगळा आहे: ३२ पैकी २८ फ्री थ्रो (फाउलनंतर मिळणारे विनाअडथळा शॉट). त्या हंगामात तो दोन्ही हातांनी खालून फ्री थ्रो टाकायचा आणि हंगामभरात त्याची टक्केवारी ६१ च्या वर होती, ही त्याची सर्वोत्तम. पुढे त्याने ती पद्धत सोडली आणि १९६७-६८ मध्ये टक्केवारी ३८ वर आली. खालून टाकताना आपण वेडगळ दिसतो असं त्याला वाटायचं, हे त्याने नंतर स्वतःच कबूल केलं. शिकवणारा म्हणून मला याचं फार वाईट वाटतं. उपाय हातात होता, सिद्ध झालेला होता, आणि लोक काय म्हणतील या धास्तीने तो सोडला गेला. अटीतटीच्या सामन्यात शेवटच्या मिनिटांना ज्याच्या हातात चेंडू द्यायला प्रशिक्षक कचरतो, तो पहिल्या तिघांत येऊ शकत नाही.

मात्र चेंबरलेनला ‘स्वार्थी’ म्हणणाऱ्यांनी १९६६-६७ चा हंगाम पाहावा. फिलाडेल्फियात प्रशिक्षक अ‍ॅलेक्स हॅनम यांनी त्याला शॉट कमी आणि पास जास्त करायला पटवलं. गुणांची सरासरी २४.१ वर आली, असिस्ट ७.८ झाले, शॉटची टक्केवारी ६८.३. संघ ६८ सामने जिंकला, प्लेऑफमध्ये रसेलच्या बॉस्टनला हरवलं आणि किताब घेतला. तर प्रश्नाचं उत्तर असं: १०० गुणांची रात्र चेंबरलेन किती उंच उडू शकतो हे दाखवते, पण तो किती मोठा होता हे १९६७ दाखवतो. असे हंगाम त्याच्या वाट्याला रसेलच्या मानाने फार थोडे आले.

ओलाजुवॉन तिसरा का, असं मला नेहमी विचारतात. बचाव आणि हल्ला या दोन्ही टोकांना इतक्या वरच्या दर्जाचा सेंटर दुसरा झाला नाही, म्हणून. ३,८३० ब्लॉक, हा आजही विक्रम आहे, आणि सेंटर असूनही २,१६२ स्टील. १९९४ मध्ये तो एकाच हंगामात एमव्हीपी, सर्वोत्तम बचावपटू आणि अंतिम मालिकेचा एमव्हीपी ठरला. हे आजवर दुसऱ्या कोणालाही जमलेलं नाही. लागोसमध्ये वाढताना तो हँडबॉल आणि फुटबॉल खेळायचा, बास्केटबॉल हातात आला तो पंधराव्या वर्षाच्या सुमारास. गोलकीपरचे पाय त्याने पोस्टवर आणले. उंच माणसाचा तोल सहसा कमरेच्या वर असतो, त्याचा गुडघ्यांत होता.

ओलाजुवॉनचा ‘ड्रीम शेक’ हा खरं तर एक शॉट नाही, प्रश्नांची मालिका आहे. बेसलाइनकडे खांदा टाकला. तू आलास? मग उलट फिरून मध्ये. तिथेही आलास? मग चेंडू डोक्याच्या वर नेऊन शॉटची हूल. उडालास? आता तुझ्या काखेखालून पाऊल टाकून ले-अप (रिंगजवळून हलकेच टाकलेला शॉट). जमिनीवर रोवलेला पिव्हटचा पाय मात्र हललेला नाही. १९९५ च्या पश्चिम विभागाच्या अंतिम मालिकेत हे सगळं रॉबिन्सनच्या वाट्याला आलं. रॉबिन्सन त्या वर्षीचा एमव्हीपी होता. दुसऱ्या सामन्याआधी त्याला तो चषक देण्यात आला आणि त्याच संध्याकाळी ओलाजुवॉनने ४१ गुण घेतले. मालिकेत त्याची सरासरी ३५.३ होती. ओलाजुवॉनचं ह्यूस्टन त्या वर्षी पश्चिमेत सहाव्या मानांकनावर होतं, तरी किताब त्यांनीच जिंकला.

मायकल जॉर्डन नव्हता म्हणून १९९४ आणि १९९५ चे ते दोन किताब मिळाले, हा आक्षेप जुना आहे. १९९४ ला तो अर्थातच नव्हता. १९९५ ला मात्र परतला होता, त्याच्या शिकागोला ओरलँडोने हरवलं, आणि त्याच ओरलँडोला ह्यूस्टनने ४-० ने हरवलं. ओलाजुवॉनची खरी उणीव वेगळी होती. पहिली सातआठ वर्षं डबल टीम (दोघांचा एकदम बचाव) आली की तो चेंडू सोडायला उशीर करायचा. ते तो शिकला आणि मगच किताब आले.

डंकनवर कमी लिहितोय, कारण त्याच्याबद्दल वाद कमी आहे. पाच किताब, पहिला १९९९ चा आणि शेवटचा २०१४ चा. पंधरा वेळा सर्वोत्तम बचाव संघात निवड. २००३ च्या अंतिम मालिकेतला निर्णायक सहावा सामना: २१ गुण, २० रिबाउंड, १० असिस्ट, ८ ब्लॉक. पंचेचाळीस अंशांतून बोर्डवर आपटून जाणारा त्याचा शॉट मी प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला पहिल्याच महिन्यात शिकवतो, कारण त्याला उंच उडी लागत नाही आणि तो म्हातारा होत नाही.

शॅक (ओ'नील) सहावा म्हटल्यावर अनेकांना राग येईल. शिखराचा विचार केला तर २००० ते २००२ या तीन वर्षांचा शॅक कदाचित सगळ्यांच्या वर ठेवावा लागेल. सलग तीन किताब, तिन्ही वेळा अंतिम मालिकेचा एमव्हीपी, २००० च्या अंतिम मालिकेत ३८ गुण आणि १६.७ रिबाउंडची सरासरी. एवढं वजन घेऊन पाठीने ढकलत येणाऱ्या माणसाचे पाय किती चपळ होते, हे लोक विसरतात. माझी अडचण पुन्हा शेवटच्या पाच मिनिटांची. कारकिर्दीत फ्री थ्रोची टक्केवारी ५२.७. शेवटच्या दोन मिनिटांत चेंडूपासून दूर मुद्दाम फाउल केला तर फ्री थ्रो मिळून वर चेंडूही परत मिळतो, म्हणून प्रतिस्पर्धी त्याला फ्री थ्रो मारायला लावणारे फाउल त्याआधीच करून घ्यायचे. शिवाय पिक अँड रोलवर (सहकाऱ्याच्या आडोशाने केलेल्या हल्ल्यावर) बाहेर येऊन बचाव करायला तो नाखूश असायचा. नियमित हंगामाचा एमव्हीपी त्याला एकदाच मिळाला.

योकिचने माझी स्वतःची शिकवणच बदलली. २०१४ च्या ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या निवडीत) ४१ वा निवडला गेलेला, उडी जेमतेम असलेला हा सर्बियन सेंटर २०२१, २०२२ आणि २०२४ चा एमव्हीपी आहे. २०२३ ला डेन्व्हरला त्याने पहिला किताब मिळवून दिला आणि त्या प्लेऑफमध्ये एकूण गुण, रिबाउंड आणि असिस्ट या तिन्हींत तोच सगळ्यांच्या पुढे होता. २०२४-२५ च्या हंगामात त्याची सरासरीच ट्रिपल-डबलची (गुण, रिबाउंड आणि असिस्ट तिन्ही दहा किंवा जास्त) होती, सेंटरमध्ये पहिल्यांदाच. तो हाय पोस्टवर (फ्री थ्रो रेषेजवळ) चेंडू डोक्यावर धरून उभा राहतो, नजर एका कोपऱ्यात, आणि चेंडू जातो दुसरीकडून रिंगकडे कापत आलेल्या सहकाऱ्याच्या हातात. पूर्वी मी सेंटरला सांगायचो, चेंडू मिळाला की रिंगकडे बघ. आता सांगतो, आधी कमकुवत बाजूचे (जिकडे चेंडू नाही तिकडचे) दोघं कुठे आहेत ते बघ. बचावात रिंगची जबाबदारी त्याच्यावर असली तरी उडी मारून तो ती राखू शकत नाही, हातांनी चेंडू हिसकावून आणि रिबाउंड घेऊन तो भरपाई करतो. कारकीर्द अजून चालू आहे. तो यादीत वर सरकू शकतो.

मोझेस मलोन आठवा. हल्ल्यातले (आपल्याच संघाच्या चुकलेल्या शॉटचे) रिबाउंड ही त्याची मक्तेदारी होती, १९७८-७९ च्या एका हंगामात ५८७. त्याची जागा पाहा: शॉट सुटायच्या आधीच तो बेसलाइनच्या बाजूने बोर्डखाली घुसायचा आणि मग पाठीने माणूस मागे ढकलत बाहेर यायचा. सगळे चेंडूकडे बघत असताना तो जागा मिळवत असायचा. १९८३ ला फिलाडेल्फियाने प्लेऑफमध्ये १३ पैकी १२ सामने जिंकले, त्यामागे हाच माणूस होता. रॉबिन्सन नववा, आणि १९९५ च्या त्या मालिकेने त्याच्यावर फार अन्याय केला असं मला वाटतं. एका सामन्यात ७१ गुण, एमव्हीपी, सर्वोत्तम बचावपटू, आणि डंकन आल्यावर मुकाट्याने दुसरी भूमिका घेऊन दोन किताब, हे कमी नाही.

मायकनला दहाव्या जागी घेतलं की तरुण वाचक हसतात. आजच्या मैदानावर तो टिकला नसता हे खरं. पण त्याला रोखण्यासाठी १९५१ मध्ये रिंगखालची लेन (पेंट) ६ फुटांवरून १२ फूट करण्यात आली. त्याच्या संघाला गुण मिळू नयेत म्हणून १९५० मध्ये फोर्ट वेनच्या संघाने चेंडू नुसताच धरून ठेवला आणि सामना १९-१८ असा संपला. असल्या सामन्यांमुळेच १९५४ ला २४ सेकंदांचं घड्याळ (तेवढ्या वेळात शॉट मारायलाच हवा) आलं. डावा-उजवा हात बदलत रिंगखाली सलग ले-अप मारायचा जो सराव जगभर पहिल्या दिवशी शिकवतात, त्याला आजही मायकन ड्रिल म्हणतात.

तरुण सेंटर व्हिक्टर वेंबन्यामाचं नाव विचारलं जाईल. पहिल्याच हंगामात तो ब्लॉकमध्ये लीगमध्ये अव्वल होता. अशी सुरुवात मी पाहिलेली नाही, पण क्रमवारीत बसवण्याइतका तो अजून खेळलेला नाही.

यादीबाहेर राहिलेल्यांत मला सर्वांत जास्त हळहळ वाटते ती बिल वॉल्टनबद्दल. योकिचच्या आधी उंच माणसाने पास कसा द्यावा हे मी त्याच्या चित्रफिती दाखवून शिकवायचो. १९७७ ला पोर्टलँडला किताब मिळवून दिला, पुढच्या वर्षी एमव्हीपी झाला, आणि मग पावलांच्या हाडांनी साथ सोडली. पूर्णच्या पूर्ण हंगाम वाया गेले. एकूण सामने झाले ४६८. १९८५-८६ मध्ये बॉस्टनसाठी तो बाकावरून उठून ८० सामने खेळला, त्याच्या आयुष्यातले एका हंगामातले सर्वांत जास्त, आणि त्या वर्षीचा सर्वोत्तम राखीव खेळाडू ठरला. त्या हंगामातल्या चित्रफितीत तो दहाबारा मिनिटांसाठी मैदानात येतो, बचावातला रिबाउंड घेतो आणि पाय जमिनीला लागायच्या आधीच चेंडू अर्ध्या मैदानापर्यंत फेकलेला असतो.